मेंदूतील पेटी

पेटीसमोर बसलेल्या वादकाला प्रत्येक स्वराची जागा ठाऊक असते. खर्जाचे स्वर डाव्या हाताला, तार सप्तकाचे उजव्या हाताला. मधली एकही पट्टी आपला क्रम सोडीत नाही. अशीच क्रमवार मांडणी माणसाच्या कानात आणि मेंदूतही असते.

ध्वनी म्हणजे कंपने. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. कंपने जितकी अधिक, तितका स्वर उंच. ही कंपने कानाचा पडदा व तीन चिमुकली हाडे यांच्या द्वारे आंतरकर्णात पोहोचतात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली नळी असते. उलगडून सरळ केली, तर ती जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल! तिच्या आत लांबीभर एक लवचीक पडदा असतो. द्रव हलला, की त्यावरून लाट धावते. हा पडदा सुरुवातीला अरुंद व ताठ, तर शेवटी रुंद व सैल असतो. म्हणून उंच स्वराची लाट आरंभीच उसळून मावळते, आणि खर्जाची लाट टोकाकडे जाते.

ही लाट प्रथम पाहिली, ती गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञांनी. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत ते काम करीत. मृत माणसांच्या कानांतील तो पडदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. या संशोधनाबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पडद्यावरील केसपेशी आपापल्या जागेचा हेलकावा श्रवणतंतूंना कळवितात. खरे नवल पुढेच आहे. मेंदूच्या वाटेवर कित्येक ठाणी लागतात, संदेश एका तंतूकडून दुसऱ्याकडे जातो. परंतु क्रम मोडत नाही. कानशिलाच्या आत, मेंदूच्या बाह्य थरात, शेजारच्या स्वरांना शेजारचीच जागा मिळते. १९८२ साली शास्त्रज्ञांनी मेंदूभोवतीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजून माणसातील हा क्रम दाखवून दिला. पुढे असेही आढळले, की तेथे एकाऐवजी निदान दोन नकाशे असतात, आणि दुसरा पहिल्याच्या उलट, आरशातील प्रतिबिंबासारखा असतो.

जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेक बालकांच्या हा क्रम कामी आला आहे. शस्त्रक्रियेने शंखाकृती नळीत एक बारीक तार बसवितात. तिच्यावर विजेची १२ ते २२ टोके असतात. नळीच्या तोंडाजवळचे टोक उंच स्वरांचा इशारा देते, खोलवरचे खर्जाचा. हजारो केसपेशींच्या जागी अवघ्या बावीस पट्ट्या! तरी तेवढ्या पेटीवर मुले बोलणे शिकतात. मात्र मेंदूतील ती जागा फार काळ ध्वनीवाचून राहिली, तर स्वर आले तरी त्यांचा अर्थ लावणे तिला जड जाते. म्हणून ही तार वयाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, आणि शक्यतो त्याहूनही लवकर, बसवावी लागते. त्यासाठीच तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात.