वृक्षावरची मैफल

झाडावर चढण्याची हौस नाही असे मूल खेड्यात शोधूनही सापडावयाचे नाही. वैशाखात कैऱ्यांसाठी, पावसाच्या तोंडाशी जांभळांसाठी आणि सुट्टीत सूरपारंब्यांच्या खेळासाठी मुले झाडांवर चढतात. फळ हाती आले किंवा डाव संपला की ती भराभर खाली उतरतात. पण वृक्षापाशी फळाहून निराळे असे आणखी एक देणे असते. ते हातांनी तोडता येत नाही. कानांनीच घ्यावे लागते. ते देणे म्हणजे नाद होय.

एखाद्या जुन्या आंब्याच्या बेचक्यात पाठ टेकून घटकाभर स्वस्थ बसावे. आरंभी फारसे काही ऐकू येत नाही; कारण आपल्या चढण्याच्या गलबल्याने पाखरे बावरलेली असतात. आपली हालचाल थांबली म्हणजे त्यांची भीती हळूहळू मोडते आणि थांबलेली मैफल पुन्हा सुरू होते.

या मैफलीत तंबोऱ्याची साथ वाऱ्याची असते. प्रत्येक झाडातून वारा निराळा बोलतो. पिंपळाच्या पानाचा देठ लांब व लवचिक असतो. त्यामुळे लहानशी झुळूकही त्याला पुरते आणि पाऊस पडू लागल्यासारखी सळसळ होते. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूच्या झाडाला रुंद पाने दिसत नाहीत. त्याच्या बारीक काड्यांभोवती हवेचे भोवरे उठतात आणि समुद्राच्या गाजेत मिसळून जाणारा दीर्घ सुस्कारा ऐकू येतो. कान तयार झाला की डोळे मिटूनही झाड ओळखता येते.

मग गायक येतात. पहाटे दयाळ पक्षी शेंड्यावर बसून तऱ्हेतऱ्हेच्या ताना घेतो. भर दुपारी चिमणीहून थोडा मोठा असा तांबट ‘टुक्‌, टुक्‌’ असा ठेका धरतो. तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा तो आवाज असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. ‘कुहू’ अशी साद घालते ती कोकिळा, असे आपण समजतो. वस्तुतः तो काळाभोर नर असतो. ठिपकेदार मादीचा आवाज तुटक व कर्कश असतो.

पुष्कळ पक्षी गाण्यासाठी उंच जागा निवडतात, यालाही कारण आहे. जमिनीलगत गवत, झुडपे व मऊ माती आवाज शोषून घेतात. उंचावर हे अडथळे कमी असतात, म्हणून गाणे दूरवर पोहोचते. याच कारणाने झाडावर बसलेल्या श्रोत्यालाही दूरचे सूर अधिक स्पष्ट ऐकू येतात. माळावरील गुराख्याचा पावा, देवळातील सनई, घंटेचा टोल हे सारे वर येऊन मिळतात. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवरील घंटेचा टोल आपल्यापर्यंत येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात.

माणसाचे संगीत आणि हे निसर्गाचे नाद परस्परांना परके नाहीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात मोराच्या केकेशी षड्जाचे आणि कोकिळाच्या कूजनाशी पंचमाचे नाते सांगितले आहे. आपली वाद्येही वृक्षांनीच दिली आहेत. बासरी वेळूची, तर मृदंगाचे खोड बहुधा फणसाचे! थोर गायक कुमार गंधर्व यांना तरुणपणी क्षयाने गाठले व काही वर्षे त्यांचे गाणे बंद पडले. गाण्यास मनाई होती; ऐकण्यास नव्हती. देवासच्या त्या वास्तव्यात त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली आणि पुढे त्यांतून आपले गायन समृद्ध केले. उत्तम गाण्याचा उगम उत्तम ऐकण्यात असतो, तो असा.

मात्र ही मैफल जपली पाहिजे. महाराष्ट्रातील शहरांत झाडे जपण्यासाठी १९७५ साली कायदा झाला. तरीही रस्ता रुंद करताना जुना वड पडतो, तेव्हा त्याचे लाकूड मोजले जाते. पण त्यावरील तांबटाची ढोली, पानांची सळसळ आणि पहाटेची तान कोणत्या वहीत मांडावी? नवे रोप लावता येते. परंतु त्याच्या फांद्यांवर मैफल भरण्यास कित्येक वर्षे जावी लागतात.

म्हणून मुलांनो, झाडावर अवश्य चढा. पण जाणत्या माणसाला सांगून चढा. शेवग्याची व जांभळाची फांदी ठिसूळ असते, तिच्यावर विसंबू नका. ओल्या बुंध्यावर पाय ठेवू नका. घरट्याला हात लावू नका. आणि खाली उतरण्याची घाई करू नका. फळे सर्वांनाच हवी असतात. नाद मात्र जो स्वस्थ बसतो त्यालाच मिळतो.

स्वाध्याय

१. पक्षी गाण्यासाठी उंच जागा का निवडतात?
२. ‘उत्तम गाण्याचा उगम उत्तम ऐकण्यात असतो’ हे उदाहरणाने स्पष्ट करा.
३. तुमच्या घराजवळील एका झाडाखाली दहा मिनिटे शांत बसा. ऐकू आलेल्या आवाजांचे आठ-दहा ओळींत वर्णन लिहा.