पोस्टर जुनं का वाटत नाही?

प्रश्न : आमच्या नाटकात १९४० सालचं लंडन आहे. संगणकावर केलेली युद्धाची पोस्टरं आजचीच वाटतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा फॉन्ट. हेल्वेटिका १९५७चा, एरियल १९८२चा; दोन्ही टाळा. गिल सॅन्स १९२८चा, तो चालेल. पण तेव्हा मोठी अक्षरं बरेचदा हातानंच रेखाटत. म्हणून शब्दातले दोन ‘ओ’ किंचित वेगळे ठेवा, अक्षरांमधलं अंतर मोजून नव्हे, नजरेनं जुळवा. रंग दोन-तीनच, सपाट. लिथोग्राफीत प्रत्येक रंग वेगळा छापत. कडेला केसभर सरकलेला रंग शोभेल. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे पोस्टर मात्र लावू नका. १९३९मध्ये ते लाखोंनी छापलं, पण भिंतींवर फारसं लागलंच नाही. आणि कागद पिवळा करू नका. १९४०मध्ये पोस्टर नवंच होतं!