जमिनीचे मूल्यनिर्धारण : ग्रामीण तरुणांसाठी एक जबाबदारीचा व्यवसाय

भातसानगर ही भातसा धरणाच्या कामामुळे शहापूर तालुक्यात उभी राहिलेली वसाहत होय. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावांत भातसा हा सर्वांत मोठा. याच तालुक्यात तानसा तलाव आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यात बारवी जलाशयाचे पाणी पसरलेले आहे. मुंबई-आग्रा महामार्ग शहापुरातून पूर्वीपासून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही याच तालुक्यातून. धरण असो वा रस्ता, प्रत्येक प्रकल्पासाठी येथील शेतकऱ्याने जमीन दिली आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुढे आला : या जमिनीची रास्त किंमत कोणती?

या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर देणे, हे मूल्यनिर्धारकाचे काम आहे. जेथे हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो, तेथील तरुणांनी हे शास्त्र आत्मसात करणे उचित ठरेल.

मूल्य कसे ठरते?

मूल्यनिर्धारणाच्या मुख्य पद्धती तीन आहेत. आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदी-विक्रीशी तुलना करणे, ही पहिली. मालमत्तेपासून मिळणाऱ्या वार्षिक उत्पन्नावरून तिचे भांडवली मूल्य काढणे, ही दुसरी. बांधकामाचा आजचा खर्च धरून त्यातून घसारा वजा करणे, ही तिसरी. घर किंवा गोदाम यांना तिसरी पद्धत लागू पडते. शेतजमिनीसाठी सामान्यतः पहिलीचा आधार घेतात.

तुलना करताना मात्र सारखेपणा पाहावा लागतो. भाताचे खाचर आणि वरकस जमीन यांची किंमत एक नसते. रस्त्यालगतचा तुकडा आणि ओढ्यापलीकडचा तुकडा यांतही अंतर असते. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये कडक बंधने आहेत. शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. म्हणून सात-बारा, फेरफार व गाव नकाशा अभ्यासल्याशिवाय आणि जमिनीवर प्रत्यक्ष पाऊल ठेवल्याशिवाय मूल्य सांगणे धोक्याचे ठरते.

एक उदाहरण

२०१३ च्या भूमिसंपादन अधिनियमाच्या कलम २६ मध्ये बाजारमूल्य काढण्याची रीत दिली आहे. मुद्रांक शुल्कासाठी ठरविलेला दर, जवळच्या गावातील तत्सम जमिनीच्या विक्रीची सरासरी किंमत आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम यांपैकी जी सर्वाधिक, ती ग्राह्य धरावयाची. सरासरीसाठी आधीच्या तीन वर्षांतील नोंदणीकृत खरेदीखते पाहून, त्यांतील अधिक किंमतीची निम्मी खते घेतली जातात.

समजा, अशी आठ खते मिळाली व त्यांतील दर गुंठ्यास २०, २४, २६, ३०, ३४, ३६, ४० आणि ५० हजार रुपये आहेत. वरच्या चार दरांची सरासरी ४० हजार येते. मुद्रांकाचा दर २८ हजार असेल, तर ४० हजार हे बाजारमूल्य होय. वीस गुंठ्यांचे मूल्य ८ लाख रुपये झाले. ग्रामीण भागासाठी १ ते २ या मर्यादेत शासन गुणांक ठरविते. तो उदाहरणापुरता २ धरल्यास १६ लाख होतात. विहीर व आंब्याची झाडे यांचे मूल्य १ लाख धरू. एकूण १७ लाखांवर तितकीच दिलासा रक्कम मिळून मोबदला ३४ लाख रुपये होतो. व्याजाची रक्कम यात धरलेली नाही.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विहीर व झाडे पाहणीत सुटली, तर नुकसान एक लाखाचे नसून दोन लाखांचे होते. तसेच, मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत लिहिण्याची प्रथा साऱ्या गावाला महाग पडते. आज एकाने दडविलेली किंमत उद्या शेजाऱ्याच्या मोबदल्याचा पुरावा बनते. ग्रामपंचायत सदस्यांनी हे ग्रामसभेत समजावून सांगणे अगत्याचे आहे.

शिक्षण व पात्रता

कंपनी कायद्याखालील मूल्यनिर्धारकांसाठी २०१७ मध्ये नियम करण्यात आले असून, नोंदणीचे काम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ पाहते. जमीन व इमारत या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगर रचना यांतील पदवी व त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर पात्रता असल्यास तीन वर्षांचा. मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारक संघटनेचे सदस्य होऊन तिचा शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो आणि परीक्षेत किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. पदविकाधारकाने थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करावी, हे श्रेयस्कर.

शासकीय सेवेतही हे क्षेत्र आहे. राज्याचा नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभाग सार्वजनिक कामांसाठी हे काम करतो. कर्ज देताना बँकांना तारण मालमत्तेचे मूल्य हवे असते; वाटणीचे व भाड्याचे वाद, तसेच न्यायालयातील साक्ष यांसाठीही जाणकारांची गरज भासते. मोबदला अमान्य असलेल्या खातेदारास आपले म्हणणे मांडताना अशा जाणकाराच्या अहवालाचा आधार मिळतो.

सचोटी हेच भांडवल

या व्यवसायाची आचारसंहिता स्पष्ट आहे. मूल्य जितके अधिक तितकी फी अधिक, असा करार मूल्यनिर्धारकाने करू नये. ज्या मालमत्तेत स्वतःचे हितसंबंध आहेत, तिचे मूल्य ठरविण्याचे काम स्वीकारू नये. आपल्याच भावकीच्या जमिनीचा अहवाल लिहिण्याचा मोह ग्रामीण तरुणाने कटाक्षाने टाळावा. अशिलाला आवडेल तो आकडा लिहिणारा एकदा फी मिळवील. परंतु उलटतपासणीत टिकेल तोच आकडा लिहिणारा आयुष्यभर काम मिळवील.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. शालेय गणितात क्षेत्रफळ व सरासरी शिकविताना गावचा नकाशा आणि सात-बारा वर्गात आणावा. गुंठा, आर व हेक्टर यांचा हिशेब मुलांनी स्वतःच्या शेताच्या कागदावरून करावा. भातसानगर, शहापूर व मुरबाड परिसरातील जमिनींचे मोजमाप आजवर बहुधा बाहेरून आलेल्यांनी केले. ते वाचू शकणारी, तपासू शकणारी आणि पुढे स्वतः करू शकणारी पिढी याच शाळांतून घडू शकेल.