पुरातत्त्वज्ञ कसा घडतो? – इनामगावच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीत मामा शिक्रापूरला आमच्याकडे आले होते. बी.ए. झाल्यावर पुढे काय, असा विषय निघाला. आळीतली मुले सणसवाडीच्या आणि रांजणगावच्या कारखान्यांत लागली आहेत, मैत्रिणी पोलीस भरतीच्या तयारीत आहेत. मी मात्र "मला पुरातत्त्वविद्या शिकायची आहे" असे बोलून गेले. मामा हसले. म्हणाले, "अगं, जुनी हाडकं उकरून कुणाचं पोट भरलंय का? आन् त्याला सायन्स लागतं. तू तर आर्टस्‌ची!" आईही काही बोलली नाही.

मामांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. दोन्ही रास्त होते आणि एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी मी ग्रंथालयात बसले, प्राध्यापकांना विचारले, आणि एक दिवस इनामगावलाही जाऊन आले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

इनामगाव आपल्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. शिक्रापूरहून तळेगाव ढमढेरे, न्हावरे करीत तिथे जाता येते. जुन्या गावठाणाच्या राखट मातीला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. अशा पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. पाटाचे पाणी वळवण्याची सोय सापडली. मृत बालकांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत असत, हेही दिसून आले. हे सारे ज्यांनी मातीतून वाचून काढले ती माणसे कोण होती आणि कॉलेजात काय शिकली होती, एवढाच माझा प्रश्न होता.

संस्कृतचा विद्यार्थी

या कामाचे प्रवर्तक डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईला झाला. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला, आणि वेद समजायचे तर संस्कृत आलेच पाहिजे असे त्यांनी मनाशी ठरवले. पदवीला त्यांचा विषय संस्कृत होता. एम.ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठाचा अभ्यास केला. तो १९३४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वकिलीची पदवीही त्यांनी घेतली. म्हणजे तोवरचे त्यांचे शिक्षण पोथ्यांचे आणि कायद्याचे, मातीचे नव्हे. माती त्यांच्या हाताला लागली ती इंग्लंडात. लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहीत असताना सर मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननावर त्यांनी काम केले. थर कसे ओळखायचे, नोंद कशी ठेवायची, हे ते तिथे शिकले. १९३७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले होते. १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे जोर्वे, नाशिक, नेवासे, इनामगाव अशी त्यांच्या कामांची मालिकाच आहे. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची जी संस्कृती आज 'जोर्वे संस्कृती' म्हणून ओळखली जाते, तिचे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून पडले. तिथले उत्खनन १९५०-५१ चे. १९७४ साली सरकारने सांकलियांना पद्मभूषण दिले. १९८९ साली ते वारले.

पाटसचे ढवळीकर आणि इतर

इनामगावच्या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते डॉ. मधुकर केशव ढवळीकर. त्यांचा जन्म १९३० साली शेजारच्या दौंड तालुक्यातील पाटस येथे झाला. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यातील नोकरी, नागपूर विद्यापीठात अध्यापन, आणि मग १९६७ पासून डेक्कन कॉलेज असा त्यांचा प्रवास आहे. अजिंठ्याच्या चित्रांतून त्या काळचे जीवन कसे दिसते, यावर त्यांचा ग्रंथ आहे. लेण्यांतल्या रंगलेल्या राजवाड्यांकडून ते कुडाच्या झोपड्यांकडे वळले. इनामगावचा अहवाल ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावे १९८८ साली निघाला. 'महाराष्ट्राची कुळकथा' हे ढवळीकरांचे मराठी पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी चाळले असेल. ते डेक्कन कॉलेजचे संचालक होते, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

डॉ. शां. भा. देव यांचे उदाहरण तर मला फारच बोलके वाटते. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध जैन साधुसंघाच्या इतिहासावर होता. पण जोर्वे, नेवासे, घोडकाठचेच चांडोली, अशा उत्खननांत त्यांचे नाव पुढे आहे.

इरावती कर्वे यांना आपण 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांनी फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, मुंबईला समाजशास्त्रात एम.ए. केले आणि बर्लिनला माणसाच्या कवटीच्या रचनेवर डॉक्टरेट केली. १९४० च्या दशकात गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, त्या संशोधनात सांकलियांच्या बरोबर त्या होत्या. तत्त्वज्ञानाची पदवीधर बाई सांगाड्यांचा अभ्यास करते, हे वाचून माझ्या मनातली भीती पुष्कळ कमी झाली.

मग सायन्स लागत नाही काय?

लागते. मामांचे म्हणणे निम्मे खरे आहे. इनामगावचे वैशिष्ट्य असे की तिथे एका विषयाचा माणूस पुरला नाही. नदीचे गाळ आणि जुने हवामान यांचा अभ्यास करणारे शरद राजगुरू हे मुळात भूशास्त्राचे. जळून कोळसा झालेले दाणे पाहून हे सातू, हा गहू, ही मसूर, हे सांगण्याचे काम काजळे यांचे. ते वनस्पतिशास्त्राच्या बाजूने आलेले. गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांची आणि शिकारीच्या जनावरांची हाडे थॉमस यांनी निवडली. माणसांचे सांगाडे आणि दात यांचा अभ्यास वाळिंबे आणि अमेरिकेतले ल्यूकास यांनी केला. दातांवरून माणूस काय खात होता आणि लहानपणी किती आजारी पडला, याचा अंदाज येतो. कोळशाचा काळ ठरवणाऱ्या कार्बन-१४ प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानाची माणसे होती.

एकाच शोधाकडे ही सर्व मंडळी कशी पाहतात याचे एक उदाहरण देते. इनामगावला पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्या आवारात चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा होता. इतर प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांना पुरलेले असे, याचे पाय मात्र शाबूत होते. सांगाडा प्रौढ पुरुषाचा हे शरीरशास्त्र जाणणाऱ्याने सांगायचे, रांजण कोणत्या थरातला हे उत्खनकाने, आणि हा गावचा मुख्य असावा हा तर्क समाजाची रचना जाणणाऱ्याने करायचा. यातले एक जरी माणूस नसते, तरी तो नुसता एक सांगाडा राहिला असता.

यावरून मला असे वाटते की पुरातत्त्वात कोणत्या दाराने आलो याला फारसे महत्त्व नाही. आल्यावर उत्खननाची शिस्त शिकावी लागते, आणि आपला मूळ विषय टाकून न देता तो कामाला लावावा लागतो. भीमबेटकाची चित्रे शोधणारे वि. श्री. वाकणकर चित्रकार होते. तुतनखामेनची कबर १९२२ साली शोधणारे हॉवर्ड कार्टर तर सतराव्या वर्षी चित्रे उतरवून घेण्याच्या कामावर इजिप्तला गेले होते. त्यांच्याजवळ कोणतीच पदवी नव्हती. अर्थात आज पदवीवाचून चालत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पोटापाण्याचा प्रश्न

आता मामांचा पहिला प्रश्न. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला जाता येते. त्यानंतर केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची ग्रेटर नोएडा येथील संस्था दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका देते. नोकऱ्या केंद्राच्या खात्यात, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात, संग्रहालयांत आणि विद्यापीठांत असतात. पण त्या थोड्या असतात आणि स्पर्धा परीक्षेतून जावे लागते. पुष्कळांना आधी तात्पुरत्या कामावर दिवस काढावे लागतात. हे लपवून कोणाला या वाटेला लावणे बरे नव्हे, आणि मी स्वतःपासूनही ते लपवलेले नाही.

मी इनामगावला गेले तेव्हा पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. चर कधीच बुजले आहेत, सापडलेल्या वस्तू पुण्याला संग्रहालयात आहेत. नदीकाठी एक वृद्ध गृहस्थ भेटले. तरुणपणी ते त्या खोदकामावर रोजाने होते. म्हणाले, "माती खरवडायची, पोरी. कुदळ हाणायची न्हाय. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा, आन् साहेबाला हाक मारायची." शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने मला पुरातत्त्वाचा पहिला धडा दिला. अहवालाच्या मुखपृष्ठावर अशा माणसांची नावे नसतात. पण रंग बदललेला ज्याला पहिल्यांदा दिसला, तोही या शास्त्राचा माणूसच, असे मला वाटले.

परवा मामा पुन्हा आले होते. ते वरवंडचे, म्हणजे पाटसच्या शेजारचे. मी त्यांना हे सगळे सांगितले. जागा थोड्या आहेत हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "त्यो ढवळीकर आपल्या पाटसचा व्हय?" मी होय म्हटले. तेव्हा ते आईला म्हणाले, "अक्का, भरू दे पोरीला फॉर्म. न्हाईच जमलं तर भरती कुठं पळून जाती?"

फॉर्मची तारीख जवळ आली आहे. माझा विषय इतिहास आहे. तो त्या मातीत कसा कामाला लावायचा, हे आता मला शिकायचे आहे.