रिफ्लेक्सॉलॉजी: तळपायावर किडनी कुठे असते?

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी इकडे इंग्लंडला आली होती. तिच्या वाढदिवसाला माझ्या मैत्रिणीने तिला रिफ्लेक्सॉलॉजीच्या एका सेशनचं व्हाउचर दिलं. "आपण काशाची वाटी घासतो, तसंच ना गं?" असं म्हणत आई उत्साहाने गेली. तासाभराने बाहेर आली ती एकदम ताजीतवानी. पण गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "त्या बाई म्हणाल्या, माझ्या किडनीवर ताण दिसतोय." त्या रात्री तिला झोप लागली नाही. आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे किडनी हा शब्द आमच्या घरात साधा नाही.

मग मीही एक सेशन घेतलं, दुसऱ्या ठिकाणी. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर काय होतं ते सांगते.

आधी एक फॉर्म भरून घेतात: आजार, औषधं, शस्त्रक्रिया, गर्भारपण, झोप कशी लागते वगैरे. फक्त बूट-मोजे काढायचे असतात, बाकी कपडे अंगावरच. मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसवतात, पाय पुसतात, थोडं क्रीम किंवा पावडर लावतात. मग अंगठ्याचं पेर वाकवत-सरळ करत, सुरवंट चालावा तसा तळव्यावर दाब देत पुढे सरकतात. दाब मसाजपेक्षा नेमका असतो, गुदगुल्या होत नाहीत. एखाद्या जागी दुखतं, तिथे थांबून जरा जास्त दाबतात. दोन्ही पायांचं मिळून पाऊण ते एक तास चालतं. मी अर्ध्यातच पेंगायला लागले. शेवटी एक ग्लास पाणी देतात आणि 'शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतील' असं सांगतात. पाणी जरूर प्या. विषद्रव्यांचं काम यकृत आणि किडनी दिवसरात्र करतच असतात, त्यांना तळपायातून निरोप लागत नाही.

आता भिंतीवरच्या त्या नकाशाबद्दल. त्यात अंगठा म्हणजे डोकं, बोटांखालचा फुगीर भाग म्हणजे छाती, कमानीत पोट आणि किडनी, आतली कड म्हणजे पाठीचा कणा. हे प्राचीन ज्ञान आहे असं अनेकदा सांगतात, पण आजच्या नकाशाची वंशावळ तशी अलीकडची आहे. विल्यम फिट्झगेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून 'झोन थेरपी' मांडली. त्यावरचं पुस्तक 1917 मध्ये आलं. पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी ते पट्टे पायावर आणून एकेका अवयवाला जागा ठरवून दिली.

तळव्याच्या नसा कुठे जातात हे शरीररचनाशास्त्राला नीट माहीत आहे. त्या घोट्यामागून टिबियल नर्व्हमध्ये मिळतात, तिथून कमरेतून मज्जारज्जूत आणि मग मेंदूत. किडनीकडे जाणारा खासगी रस्ता वाटेत कुठेच नाही. मग ती जागा दुखते का? कारण तिथे स्नायूंचे थर आहेत, जाड पट्ट्यासारखा प्लांटार फॅशिया आहे, आणि दिवसभर आपण त्यावर उभे असतो. अंगठ्याने जोरात दाबलं तर माझंही दुखतं.

नकाशा खरा असेल तर एक सोपी परीक्षा घेता येते: रुग्णाचा आजार न सांगता फक्त पाय तपासायला द्यायचे. 2000 साली ब्रिटनमध्ये अशी परीक्षा झाली. 18 रुग्ण, सहा ठरावीक आजार, दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्ट. निदान जमलं नाही, आणि दोघांचं एकमेकांशीही नीट पटलं नाही. मग आईची 'किडनी' कशी सापडली? फॉर्मवर तिने स्वतःच 'मधुमेह' लिहिलं होतं! मधुमेहाच्या जुन्या रुग्णाबद्दल किडनीचा अंदाज बांधायला पाय बघायची गरज नाही. त्या बाई मुद्दाम फसवत होत्या असं मला वाटत नाही. माहिती डोक्यात असली की अंगठ्यालाही तेच 'जाणवतं', प्रयोगशाळेत आम्हीसुद्धा याच सापळ्यात पडतो.

उपचार म्हणून? 2009 मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी 18 नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर याचा उपयोग होतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण बरं वाटतं हे खोटं नाही. तासभर फोन बंद, कुणीतरी शांतपणे तुमचं ऐकतंय, पायाला उबदार हात. परदेशात एकट्या राहणाऱ्या माणसाला कोणी स्पर्श करून किती दिवस झालेले असतात, विचार करून पाहा. त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, निदानासाठी आहे.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावंच. एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश नको, थेट हॉस्पिटल. पायाला जखम, संसर्ग, ताजं फ्रॅक्चर असेल तरी नको. गर्भवतींनी आधी मिडवाइफशी बोलावं. इंग्लंडमध्ये या व्यवसायाला कायद्याने परवाना लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. त्यामुळे प्रशिक्षण आणि विमा आहे का, हे बिनधास्त विचारा. तुमचं औषध बंद करा असं कोणी म्हणालं तर मोजे घाला आणि निघा.

किडनीचं कळतं ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि लघवीतल्या अल्ब्युमिनवरून. आईच्या दोन्ही तपासण्या करून घेतल्या, ठीक निघाल्या. त्याच वेळी नर्सने तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दहा ग्रॅमइतका जोर पडला की तो वाकतो, आणि टेकला की 'हो' म्हणायचं. उजव्या पायावर दोन ठिकाणी आई गप्प राहिली.

तासभर दाबून घेतलेल्या त्या पायाला काही ठिकाणी स्पर्शच कळत नव्हता, आणि तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

आता ती पुण्यात रोज रात्री आरशात तळवे बघते, भेगा, फोड, लाली. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहते. काशाची वाटीही चालू आहे, फक्त हलक्या हाताने, आणि ती बाबा घासून देतात.