देहाचे वस्त्र

पुणे जिल्ह्यात बारामतीहून इंदापूरकडे निघाले, की वाटेत लासुर्णे हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे मळे दूरवर पसरलेले दिसतात. दिवाळी सरली, की साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडू लागतात आणि फडाफडांतून ऊसतोडीची गडबड उडते. पौषातल्या पहाटे कोरडे, बोचरे वारे सुटते. मुलांचे गाल उलतात, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. फडात राबणाऱ्यांचे हात तर चिरांनी भरून जातात. कारण उसाच्या पात्याची कड बारीक करवतीसारखी असते.

सायंकाळी चूल शांत झाली, की अशा घरातील आई वाटीत थोडे तेल कोमट करते. लेकराचा पाय ती मांडीवर घेते आणि भेगांवरून हलक्या हाताने तेल चोळते. तोंडाने दिवसभराच्या गोष्टी चाललेल्याच असतात. क्षणापूर्वी कळवळणारे ते पोर बोलता बोलता झोपी जाते. मुलांनो, त्या पोराला आराम कशाने पडला? तेलाने, की आईच्या हाताने? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो, तर आपण फार दूरवर जाऊन पोहोचतो.

प्रथम आपल्या त्वचेचीच ओळख करून घेऊ. त्वचा हे देहाचे वस्त्र आहे. पण हे वस्त्र मोठे अलौकिक! ते कोणा शिंप्याने शिवलेले नाही, ते अंगावरून कधी उतरत नाही आणि थोडेसे फाटले तर स्वतःच स्वतःला सांधते. प्रौढ माणसाची त्वचा उलगडून पसरता आली, तर ती दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापील. तिच्या वरच्या थरातील जुन्या पेशी सतत झडत असतात आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. साधारणतः महिन्या-दीड महिन्यात हा थर नवा होतो. खालच्या थरात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे, तेलाच्या ग्रंथी आणि घामाच्या लाखो ग्रंथी दाटीवाटीने नांदत असतात. ऊन वाढले, की त्वचा घाम आणून देह थंड ठेवते. थंडी पडली, की रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब जपते. रोगजंतूंना ती वेशीवरच अडविते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हाडांना आवश्यक असे ड जीवनसत्त्वही तीच तयार करते.

परंतु त्वचेचे सर्वांत मोठे नवल याहून निराळे आहे. आईच्या पोटात गर्भ वाढू लागतो, तेव्हा आरंभी त्याचे तीन थर असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या थरापासून त्वचेचा वरचा पापुद्रा तयार होतो आणि त्याच थरापासून मेंदू व मज्जातंतूही तयार होतात. म्हणजे त्वचा आणि मेंदू ही जणू सख्खी भावंडे! एक बाहेर पहाऱ्यावर राहिले, दुसरे आत कारभार पाहू लागले. पण त्यांचे बोलणे-चालणे कधी तुटले नाही.

हे नाते आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते. आपली मराठी भाषाच त्याची साक्ष देते. रात्री भुताची गोष्ट ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. चूक उघडकीस आली, की चेहरा पांढरा फटक पडतो. चारचौघांत कोणी कौतुक केले, तर मुद्रा लाजेने आरक्त होते. गुरुजींनी अचानक फळ्यापाशी बोलाविले, की तळहातांना घाम फुटतो. या सर्व गोष्टी प्रथम मनात घडतात आणि लगोलग त्वचेवर उमटतात. भीती वाटताच मेंदू मज्जातंतूंवाटे निरोप धाडतो. केसांच्या मुळाशी असलेले इवलाले स्नायू आवळले जातात आणि केस उभे राहतात. रक्तवाहिन्या आकसल्या म्हणजे चेहरा फिका पडतो, आणि त्या रुंदावल्या म्हणजे तो लाल होतो.

मनाचा हा अंमल केवळ क्षणभराचा नसतो. १९९८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दंतवैद्यक शिकणाऱ्या अकरा विद्यार्थ्यांच्या तोंडात, वरच्या टाळूवर, दोन वेळा अगदी लहानशी जखम करण्यात आली. एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. जखमा सारख्याच होत्या, माणसेही तीच होती. तरी परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरीने तीन दिवस अधिक लागले! चिंता मनाला असते. परंतु तिचे ओझे सारे शरीर वाहते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याचा अर्थ असा मात्र नव्हे, की त्वचेचे सगळे विकार मनातूनच उपजतात. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, नायटा बुरशीमुळे होतो आणि कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्यांवर औषध घेतलेच पाहिजे. पण मन अस्वस्थ असले, की साधी खाजही वाढते; खाजविले, की त्वचा सोलते; सोललेली त्वचा पाहून मन आणखी खंतावते. असे हे रहाट फिरत राहते. म्हणून शहाणा वैद्य औषध देतो आणि रोग्याला धीरही देतो.

आता मन त्वचेवर राज्य करते, तसे त्वचेला मिळालेला स्पर्श मनालाही उभारी देतो काय? याचे उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात घडलेल्या एका प्रसंगात सापडते.

परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे एक विद्वान पंडित होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला होता. पुढे त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. लोक अशा रोग्याच्या सावलीलाही भीत आणि त्याला गावाबाहेर काढीत. १९३९ साली परचुरेशास्त्री गांधीजींच्या आश्रयाला सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या कुटीजवळच झोपडी उभारविली. एवढेच करून ते थांबले नाहीत. देशाच्या कामाचा केवढा डोंगर त्यांच्या शिरावर होता! तरीही ते स्वतः शास्त्रीबुवांच्या जखमांची काळजी घेत आणि त्यांच्या अंगाला आपल्या हातांनी मालीश करीत. ज्या अंगाला कोणी बोट लावीत नव्हते, त्या अंगावरून अवघ्या देशाला वंद्य असलेल्या पुरुषाचा हात फिरत होता.

त्या मालिशीने रोग नाहीसा झाला नाही. पुढे शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात राहिले आणि १९४५ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. परंतु आश्रमात असताना हा खचलेला माणूस पुन्हा ताठ बसू लागला. त्यांनी आश्रमवासीयांना संस्कृत शिकविले आणि एका विवाहात पौरोहित्यही केले. रोगाने त्यांच्या देहाची हानी केली होती. लोकांच्या दूर सरण्याने त्यांच्या मनाची केली होती. मनाची ती हानी एका हाताच्या स्पर्शाने भरून निघाली.

आज कुष्ठरोगावर गुणकारी औषधे आहेत. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. सरकारी आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात आणि साधारणतः सहा महिने ते एक वर्ष ती घेतली, की रोग बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर तो लपवू नये, डॉक्टरांना दाखवावा. या रोगाचे जंतू त्वचेप्रमाणे मज्जातंतूंनाही पछाडतात, म्हणूनच तेथे बधिरता येते. लवकर उपचार झाले, तर हातापायांत व्यंग येत नाही.

सेवाग्रामातील या सेवेनंतर काही वर्षांनी गांधीजी पुणे जिल्ह्यात आले. लासुर्ण्याहून इंदापूरला गेले, की पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. त्याच मार्गावर, पुण्याच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर, उरुळीकांचन हे गाव आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे आठवडाभर राहिले आणि खेड्यातील गोरगरिबांवर त्यांनी निसर्गोपचार सुरू केले. सूर्यस्नान, मातीची पट्टी, थंड पाण्याचे कटिस्नान, साधा आहार, दूध-ताक आणि त्यांच्या जोडीला रामनाम, अशी ती उपचारपद्धती होती. देह शुद्ध व्हावा आणि मन शांत व्हावे, दोन्ही एकाच वेळी व्हावे, हा त्यामागचा विचार होता. गांधीजी परतले, पण त्यांचे तरुण सहकारी मणिभाई देसाई तेथेच राहिले आणि त्यांनी आपले आयुष्य त्या गावाला वाहिले. तेथील निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे.

निसर्गाने आपल्या दारी त्वचेच्या निगेची बरीच साधने ठेवली आहेत. स्वच्छ पाणी, कोवळे ऊन, साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल, दिवाळीचे उटणे, डाळीचे पीठ ही त्यांपैकी काही. हिवाळ्यात फार कढत पाण्याने अंग धुतले, की त्वचेचे तेल निघून जाते व ती अधिकच फुटते. म्हणून पाणी कोमट घ्यावे आणि अंग ओलसर असतानाच थोडे तेल चोळावे. पालेभाज्या, डाळी, फळे आणि पुरेशी झोप यांमुळे त्वचेचे आतून पोषण होते. मात्र निसर्गातील प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते, असे समजू नये. बिब्बा झाडालाच येतो. पण त्याचे तेल लागले, तर अंगावर फोड उठतात. खाजकुयलीही रानातच उगवते! म्हणून कोणी सांगितले, की काहीतरी लावले, असे करू नये. जखम चिघळली, चट्टा वाढू लागला, तर डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्वचेचा रंग ही तिच्या आरोग्याची खूण नव्हे. सावळी त्वचा आणि गोरी त्वचा यांत भेद आहे तो मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे द्रव्य उन्हाच्या दाहापासून आपले रक्षण करते. उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांना निसर्गाने दिलेली ती छत्रीच आहे. तिच्याबद्दल कोणी खंत का करावी?

आता शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी. समजा, तुमच्या वर्गात एक नवा मुलगा आला आहे. त्याच्या ओठांवर आणि बोटांवर पांढरे डाग आहेत. डॉक्टरांनी ते कोड असल्याचे सांगितले आहे. कोड स्पर्शाने पसरत नाही. त्वचेतील रंग तेवढा नाहीसा होतो. हे ठाऊक नसल्यामुळे मुले त्याच्यापासून सरकून बसतात. मधल्या सुटीत तो एकटाच कडुनिंबाखाली डबा उघडतो. घरी गेल्यावर तो आरशापुढे फार वेळ उभा राहतो. त्याला दुखणे कोठे आहे? डागांत नक्कीच नाही. डाग दुखत नाहीत.

त्या मुलाच्या त्वचेवर कोणते औषध लावावे, हे डॉक्टर ठरवतील. त्याच्या मनावरचे औषध मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते तुमच्या हातात आहे. आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसावे, त्याच्या डब्यातील भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा, आणि खेळ सुरू झाला, की त्याचा हात धरून त्याला ओढीत न्यावे. लासुर्ण्याच्या त्या घरात वाटीतील तेलाबरोबर जे लेकराच्या पायाला लागले, ते हेच औषध होते.

अभ्यास

१. उसाच्या फडात काम करणाऱ्यांचे हात का चिरतात?

२. त्वचा आणि मेंदू यांना ‘सख्खी भावंडे’ का म्हटले आहे?

३. ओहायोतील प्रयोगात कोणती गोष्ट सारखी होती व कोणती बदलली होती? त्यावरून काय समजले?

४. ‘रोगाने देहाची हानी केली होती, लोकांच्या दूर सरण्याने मनाची केली होती.’ हे वाक्य परचुरेशास्त्रींच्या कथेच्या आधारे स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : अंगावर काटा येणे, घाम फुटणे, चेहरा पांढरा फटक पडणे, उभारी देणे.

६. तुमच्या घरी हिवाळ्यात त्वचेची काळजी कशी घेतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.