आधी मॉडेल, मग दर्शनी भाग

नागपूर, 4 एप्रिल

चि. सायलीस,


अकोल्याच्या घरांचं मॉडेल मिळालं. देखणं झालंय. पण उष्णतेचा हिशेब 'आराखडे पक्के झाल्यावर' करणार असं लिहिलंस, ते वाचून काळजी वाटली. वीस वर्षांपूर्वी मी तेच केलं. एका कार्यालयाची पश्चिम बाजू काचेची ठेवली आणि गणित शेवटी मांडलं. तोवर मोठे एसी बसवण्यापलीकडे काही हातात उरलं नव्हतं. तू आत्ताच, इमारत नुसतं खोकं असताना, उष्णतेचं मॉडेल चालव. त्यात इमारत वेगवेगळ्या दिशांना फिरवून बघ.

दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, छज्जा ते अडवतो. मेमधलं पाच वाजताचं पश्चिमेचं ऊन मात्र आडवं घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी. त्याहून बरं म्हणजे जिना आणि न्हाणीघरं त्या बाजूला ने. अकोल्यात मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणजे खरा मारा गच्चीवर. घरांसाठीच्या इको-निवास संहितेतली आत येणाऱ्या उष्णतेची दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा भिंती-खिडक्यांपुरती आहे, छताची कसोटी वेगळी. पहिलीत पास झालीस म्हणून वरच्या मजल्यावरची माणसं सुखानं झोपतील असं धरू नकोस. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घालून आकडे पुन्हा काढ.

आणखी एक. मॉडेलमधली माणसं कशी राहतात, ते तू ठरवायचंस. तयार वेळापत्रक घेतलंस तर ती भर दुपारी खिडक्या उघडतील. आपल्याकडे वैशाखात सकाळीच खिडक्या लावून घेतात, त्या उघडतात रात्री. शिवाय घरोघरी कूलर. त्याची हवा बाहेर पडायला समोर वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. ही वाट नकाशात आहे का, बघ.

मॉडेलला द्यायची हवामानाची फाइलही जपून वापर. तिच्यातलं वर्ष निरनिराळ्या वर्षांचे सर्वसाधारण महिने जोडून केलेलं असतं, त्यात उष्णतेची भीषण लाट सहसा सापडत नाही. एखाद्या कडक उन्हाळ्याच्या नोंदी घालूनही घरं तपास.

तापमान नोंदवणारी दोन छोटी यंत्रं कुरियरने पाठवतोय. जागेशेजारच्या जुन्या इमारतीत, घरमालकांना विचारून, एक सर्वांत वर पश्चिमेच्या खोलीत आणि दुसरं तळमजल्यावर लाव. त्या इमारतीचंही साधं मॉडेल कर. पंधरा दिवसांनी यंत्रांचे आणि मॉडेलचे आकडे शेजारी मांडून मला पाठव.

तुझा,
मामा